कीटकांची 'भाषा' : एका संज्ञेची चिकित्सा

१

कार्ल फॉन फ्रिश ह्या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञांचा मधमाश्यांच्या परस्परव्यवहारावरील विस्तृत निबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात 'भाषा' हा शब्द होता. परंतु तो अवतरणचिन्हांत होता. ह्याच संशोधनाचा समग्र परामर्श घेणारा त्यांचा बृहद्ग्रंथ १९६५ साली जर्मनमध्ये निघाला, तेव्हा त्याच्या नावात 'नृत्यभाषा' असा सरळ सामासिक शब्द आला आणि अवतरणचिन्हे नाहीशी झाली. मधल्या बेचाळीस वर्षांत मधमाश्यांविषयीच्या ज्ञानात फार मोठी भर पडली होती, ह्यात शंका नाही. परंतु त्या ज्ञानाने ती चिन्हे काढून टाकण्याचा अधिकार मिळवून दिला होता काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि तो प्राणिशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही आहे.

आज कीटकविज्ञानाच्या लेखनात ह्या कुळातील शब्दांचा सुकाळ आहे. मधमाश्यांना 'बोली' आहेत, पतंगांना 'गंधभाषा' आहे, मुंग्या परस्परांशी 'बोलतात', आणि पिकांवरील किडींचा बंदोबस्त करू पाहणारा शास्त्रज्ञ त्यांच्या संदेशांत 'गोंधळ' माजवितो. एका शास्त्राने दुसऱ्या शास्त्राची संज्ञा उसनी घ्यावी ह्यात गैर काही नाही. भाषाशास्त्राने स्वतः 'कुल', 'शाखा', 'मूळ' हे शब्द अशाच रीतीने बाहेरून आणलेले आहेत. उसन्या संज्ञेची परीक्षा तिच्या उगमावरून नव्हे, तर तिच्या कामावरून करावयाची असते. जी संज्ञा संशोधकाला असा प्रश्न विचारावयास लावते की ज्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकेल, ती संज्ञा उपयुक्त होय. उलट जी संज्ञा प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर हाती देते, ती कितीही आकर्षक असली तरी घातक होय. प्रस्तुत लेखात ह्या कसोटीवर 'भाषा' ह्या संज्ञेची तीन ठिकाणी तपासणी केली आहे : मधमाशीचे नृत्य, पतंगाचा गंध, आणि ह्या ज्ञानाचा कपाशीच्या शेतात होणारा उपयोग. तिन्ही ठिकाणी निर्णय एकच पडत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

नृत्याचे स्वरूप थोडक्यात असे. अन्नाचा ठाव लागलेली कामकरी माशी पोळ्यात परतते आणि अंधारात, उभ्या पोळ्यावर, शरीर डावीउजवीकडे हलवीत एक सरळ धाव घेते. मग वळसा घालून मूळ जागी येते, पुन्हा तीच धाव घेते आणि ह्या खेपेस दुसऱ्या बाजूने वळते. ही धाव आणि ऊर्ध्व दिशा ह्यांमधील कोन म्हणजे अन्नाची दिशा आणि सूर्याची दिशा ह्यांमधील कोन होय. धाव सरळ वर असेल तर अन्न सूर्याच्या दिशेस. ती उजवीकडे चाळीस अंश कललेली असेल तर अन्न सूर्याच्या उजवीकडे चाळीस अंशांवर. धावेचा अवधी अंतराबरोबर वाढत जातो. भोवती जमलेल्या माश्या नर्तकीच्या मागोमाग फिरतात आणि मग पोळ्याबाहेर पडतात.

ह्या अर्थापर्यंत फ्रिश एकदम पोचले नव्हते. १९२० च्या दशकात त्यांनी असे मानले होते की वर्तुळाकार नृत्य मकरंदाचे निदर्शक आहे आणि शरीर हलवीत केलेले नृत्य परागाचे. ही चूक उद्बोधक आहे. साखरपाण्याची बशी पोळ्याजवळ असे, आणि पराग आणणाऱ्या माश्या दूरच्या फुलांवरून येत. त्यामुळे अंतरातील भेद हा पदार्थातील भेद भासला. परंतु चुकीचे हे प्रायोगिक कारण सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरते. दोन आकृती दिसताच त्यांचे दोन पदार्थांशी नाते जोडणे, म्हणजे प्रत्येक आकृतीला एका नामाचा दर्जा देणे होय. 'भाषा' म्हटली की प्रथम नामे आठवावीत हे स्वाभाविक आहे. पण मधमाशीच्या नृत्यात नामे नव्हती, मापे होती. १९४० च्या दशकाच्या मध्यास अन्न दूर ठेवून केलेल्या प्रयोगांनंतर फ्रिश यांनी आपलाच सिद्धांत आपल्या हाताने मोडला. अवतरणचिन्हांतील त्या शब्दाने प्रश्न उभा केला, हे त्याचे श्रेय; त्याने सुचविलेले पहिले उत्तर मात्र टाकून द्यावे लागले.

दुसरी परीक्षा बाहेरून आली. १९६७ साली अमेरिकेत एड्रियन वेनर, पॅट्रिक वेल्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनी असा आक्षेप घेतला की नृत्यात दिशा आणि अंतर ह्यांची नोंद असली, तरी प्रेक्षक माश्या ती वाचतात हे सिद्ध झालेले नाही. नर्तकीच्या अंगाला लागलेल्या वासाच्या आधारेही त्या अन्नापर्यंत पोचत असतील. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ह्या आक्षेपाचे मोल नीट ओळखले पाहिजे. एखाद्या कृतीत माहिती असणे आणि ती कृती माहिती देणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. वृक्षाच्या खोडातील वलयांत त्याच्या वयाची माहिती असते. म्हणून वृक्ष आपले वय सांगतो असे कोणी म्हणत नाही. 'भाषा' हा शब्द अवतरणचिन्हांबाहेर पडल्यामुळे हा भेद पुसला गेला होता, आणि तो पुन्हा उघड करण्याचे काम विरोधकांनी केले.

आक्षेपाला मिळालेले उत्तर त्याच्याच तोलाचे होते. मधमाशीच्या डोक्यावर दोन मोठ्या संयुक्त नेत्रांखेरीज तीन साधे नेत्र असतात. ते रंगाने झाकले असता तिची प्रकाशसंवेदना मंदावते. पोळ्यात दिवा लावला की उघड्या नेत्रांची माशी त्यालाच सूर्य मानून कोनाचा हिशेब करते. झाकलेल्या नेत्रांची माशी मात्र ऊर्ध्व दिशेवरच विसंबून नाचत राहते. जेम्स गूल्ड यांनी १९७० च्या दशकात नर्तकीचे नेत्र झाकले आणि प्रेक्षक माश्यांचे उघडे ठेवले. 'बोलणारी' एका संकेताने बोलत होती आणि 'ऐकणाऱ्या' दुसऱ्या संकेताने अर्थ लावीत होत्या. माश्या जेथे अन्न नव्हते अशा, परंतु आधी गणित करून सांगता येईल अशा दिशेस गेल्या. वासाने हे घडणे शक्य नव्हते. पुढे २००५ साली इंग्लंड आणि जर्मनीतील संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म उपकरण बसवून रडारने त्यांचा मार्ग टिपला. नृत्य पाहून निघालेल्या माश्या सांगितलेल्या दिशेने सांगितलेले अंतर उडाल्या. काही माश्यांना पोळ्यापासून अडीचशे मीटरपर्यंत दूर नेऊन सोडले, तर त्या तेथूनही तीच दिशा आणि तेच अंतर धरून भलत्याच जागी पोचल्या. मात्र वासावाचून नेमकी बशी सापडली ती फार थोड्यांना. म्हणजे नृत्याने परिसर कळतो, वासाने ठिकाण. फ्रिश यांचा पक्ष खरा ठरला, आणि विरोधकांनी वासाला दिलेले महत्त्वही अगदीच निराधार ठरले नाही.

३

भाषाशास्त्रज्ञांनी ह्या शोधाचे स्वागत दोन प्रकारे केले. पहिला प्रकार एमील बाँव्हनिस्त ह्या फ्रेंच पंडितांचा. १९५२ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी फ्रिश यांच्या कार्याचा गौरव केला आणि तरीही ही भाषा नव्हे, हा एक संकेतव्यूह आहे, असा निर्णय दिला. त्यांची कारणे अशी : ह्या व्यवहाराला कंठध्वनीचे साधन नाही, त्याला प्रकाशाची अपेक्षा आहे, एकीच्या संदेशाला दुसरी उत्तर देत नाही, ती केवळ उडून जाते, जिने स्वतः अन्न पाहिलेले नाही ती माशी केवळ दुसरीच्या नृत्यावरून तेच नृत्य पुढे करीत नाही, संदेशाचा विषय कायमचा एकच, म्हणजे अन्न, असतो, आणि संदेशाचे स्वतंत्र घटकांत विभाजन होत नाही.

हा निबंध आजही वर्गात शिकविला जातो, आणि तसा तो शिकविला जावा. परंतु त्यातील सर्वच कारणे सारख्या वजनाची नाहीत. कंठध्वनीची अट १९६० साली विल्यम स्टोको यांनी अमेरिकेतील मूकबधिरांच्या हस्तसंकेतांची घटकवार मांडणी दाखविली तेव्हापासून निकालात निघाली. प्रकाशाची अट तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. काचेच्या निरीक्षणपेटीत संशोधकाला प्रकाश हवा असतो. झाडाच्या ढोलीतील माश्यांना नव्हे. त्या काळोखातच नाचतात, आणि प्रेक्षक माश्या स्पर्शाने व हवेच्या कंपनांनी त्याचा माग घेतात. आपल्याकडील फुलोरी माशी मात्र उघड्यावर, फांदीला वेढून बसलेल्या आपल्या एकाच पोळ्याच्या माथ्यावर, आकाशाच्या साक्षीने नाचते आणि धाव थेट अन्नाच्या दिशेला रोखते. बाँव्हनिस्त यांचे विधान तिच्यापुरते ठीक बसते. पण त्यांच्यासमोर होती ती युरोपातील माशी.

दुसरा प्रकार चार्ल्स हॉकेट यांचा. त्यांनी १९६० साली 'भाषा आहे की नाही' असा एकेरी प्रश्न बाजूला सारला आणि संप्रेषणाची तेरा लक्षणे मांडून प्रत्येक प्राण्याच्या व्यवहारात त्यांपैकी कोणती आढळतात हे तपासले. ह्या रीतीने पाहता मधमाशीच्या पदरात अनपेक्षित दान पडते. समोर नसलेल्या वस्तूविषयी कळविणे आणि पूर्वी कधी न दिलेला संदेश देता येणे, ही मानवी भाषेची खास लक्षणे तिच्या नृत्यात आहेत. उलट चिन्ह आणि अर्थ ह्यांच्या नात्यातील यादृच्छिकता, अर्थहीन घटकांपासून अर्थपूर्ण घटक घडविणारी द्विस्तरीय रचना, ही लक्षणे तिच्याजवळ नाहीत. व्यवहार एका पिढीकडून दुसरीने शिकून घेण्याच्या लक्षणाविषयी हॉकेट यांनी 'बहुधा नाही' असे लिहिले. हे 'बहुधा' पुढे महत्त्वाचे ठरले.

दोन पद्धतींतील भेद येथे स्पष्ट होतो. बाँव्हनिस्त यांनी आपल्या लक्षणांचा तट बांधला. हॉकेट यांनी त्यांचे प्रश्न केले. तट बांधला की त्याची डागडुजी करीत बसावे लागते. प्रश्न केले की त्यांची उत्तरे बदलली तरी पद्धतीला बाध येत नाही.

४

ह्या तटाला अलीकडच्या संशोधनाने कोठे तडे पाडले आणि कोठे तो अभंग राहिला, हे आता पाहावयाचे.

'उत्तर देत नाही' ह्या मुद्द्याला एक तडा गेला आहे. जेम्स नी यांनी २०१० साली दाखविले की ज्या माशीवर अन्नस्थळी हल्ला झालेला आहे, ती पोळ्यात परतल्यावर त्याच स्थळाचे नृत्य करणाऱ्या माशीला डोक्याने धडक देऊन क्षणभर कंपध्वनी करते, आणि अशा धडका बसल्या की नर्तकी नृत्य आवरते. नव्या घरासाठी निघालेल्या थव्यातही, एका जागेचा पुरस्कार करणाऱ्या माश्या दुसऱ्या जागेचा पुरस्कार करणाऱ्यांना अशाच धडका देतात, असे टॉमस सीली आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१२ साली दाखवून दिले. तेव्हा 'संदेशाला केवळ कृतीने प्रतिसाद मिळतो' हे विधान आता जसेच्या तसे शिकविता येणार नाही. तथापि ह्याला संवाद म्हणण्याची घाईही करू नये. धडक 'का' हे सांगत नाही, दुसरी जागा सुचवीत नाही, संदेशातील कोणताही अंश खोडून दुरुस्त करीत नाही. ती फक्त थांबविते.

'बोली' ह्या शब्दाचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. मधमाश्यांच्या निरनिराळ्या जातींत एकाच अंतरासाठी धावेचा अवधी भिन्न असतो. ह्या भेदाला बोलीभेद म्हणण्याचा प्रघात आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातील सातेरी, फुलोरी आणि आग्या ह्या तीन जातींची तुलना करण्यात आली. सातेरी अन्नासाठी सर्वांत कमी दूर जाते, फुलोरी त्याहून अधिक, आग्या सर्वांत दूर. आणि ठराविक अंतरामागे धावेचा अवधी सर्वांत वेगाने वाढतो तो सातेरीचा, मग फुलोरीचा, मग आग्याचा. जिचा वावर जवळच्या टापूत तिची मोजपट्टी बारीक, जिचा वावर दूरवर तिची ढोबळ, असा हा सुंदर मेळ आहे. परंतु हा मेळच 'बोली' ह्या शब्दाविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा होय. वऱ्हाडी आणि मालवणी ह्यांतील भेद वऱ्हाडातील शेते लांब आहेत आणि मालवणातील जवळ आहेत म्हणून निर्माण झालेला नाही. मानवी बोलींतील भेदाला सामान्यतः असे उपयुक्ततेचे कारण नसते. तो इतिहासाचा, स्थलांतराचा आणि समाजातील उच्चनीचतेचा ठसा असतो. मधमाश्यांच्या जातींतील भेद हा मापपद्धतीतील भेद आहे. त्याला 'मोजपट्टी' म्हटले असता अर्थाची हानी तर होत नाहीच, उलट तो अधिक स्पष्ट होतो.

हॉकेट यांच्या 'बहुधा नाही'चा निकाल मार्च २०२३ मध्ये लागू लागला. चीनमधील केन टान, अमेरिकेतील नी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी नुकत्याच जन्मलेल्या माश्यांच्याच वसाहती तयार केल्या. त्यांत अनुभवी नर्तकी एकही नव्हती. वयात आल्यावर ह्या माश्या नाचल्या, परंतु विस्कळीत नाचल्या. त्यांच्या धावांच्या दिशांत मेळ नव्हता आणि अंतरही चुकत होते. ज्यांना आधी अनुभवी माश्यांचे नृत्य अनुसरावयास मिळाले होते, त्यांच्यात हे दोष नव्हते. अनुभवाने दिशेतील दोष पुढे कमी झाला. अंतरातील दोष मात्र जन्मभर राहिला.

हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, म्हणूनच तो मोजून मापून वाचला पाहिजे. कोणी न शिकविताही माश्या नाचल्या, ह्याचा अर्थ नृत्याचा आराखडा उपजत आहे. पाहावयास न मिळाल्यास अंतराची मोजपट्टी कायमची बिघडते, ह्याचा अर्थ आराखडा भरला जातो तो समाजात. 'उपजत की शिकलेले' हा द्विपर्यायी प्रश्नच येथे अपुरा पडतो. आणि हे शिक्षण लहानपणीच्या एका विशिष्ट काळात झाले पाहिजे, ही गोष्ट मानवी मुलाच्या आणि गाणाऱ्या पक्ष्याच्या पिलाच्या शिक्षणाची आठवण करून देते. 'भाषा' ही उपमा जर कोणी मनात बाळगली नसती, तर हा प्रयोग करावा असे सुचले असते काय, ह्याची शंका वाटते. उपमेच्या पक्षी हा सर्वांत मोठा युक्तिवाद होय.

बाँव्हनिस्त यांचा एक मुद्दा मात्र अद्यापि अढळ आहे. ऐकीव गोष्ट पुढे सांगणे मधमाशीला येत नाही. प्रेक्षक माशी अन्नस्थळी स्वतः जाऊन आल्यावाचून नाचत नाही. मानवी भाषेतील इतिहास, अफवा, साक्ष, श्रद्धा आणि शास्त्र ही सारी ऐकिवाच्या पायावर उभी आहेत. भाषेची सीमारेषा कोठे काढावी असे विद्यार्थ्याने विचारले, तर आज ती कंठात नव्हे, येथे दाखवावी.

५

नृत्याकडून गंधाकडे वळले की चित्र पालटते. १९५९ हे वर्ष ह्या क्षेत्रात आरंभबिंदू मानले जाते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंग-माद्यांच्या ग्रंथींपासून नराला आकर्षून घेणारे द्रव्य वेगळे केले. ह्या कामाला सुमारे वीस वर्षे लागली होती. त्याच वर्षी पेटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी अशा द्रव्यांसाठी 'फेरोमोन' ही संज्ञा ग्रीक धातूंवरून घडविली. वाहून नेणे आणि उद्दीपित करणे असे तिचे दोन अर्थघटक आहेत. तीत बोलण्याचा, कळविण्याचा किंवा अर्थाचा मागमूस नाही. संज्ञा घडविणाऱ्यांचा हा संयम नंतरच्या लेखकांनी पाळला नाही, आणि 'गंधाची भाषा' हा शब्दप्रयोग सर्रास रूढ झाला.

ह्या शब्दप्रयोगाला एक मोहक आधार आहे. पुष्कळ पतंगांचा गंध एका द्रव्याचा नसून दोनतीन द्रव्यांच्या ठरावीक मिश्रणाचा असतो, आणि अर्थ प्रमाणावर अवलंबून असतो. युरोपातील मक्याच्या खोडकिडीचे दोन वंश हे ह्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दोहोंत द्रव्ये तीच दोन; परंतु एका वंशात त्यांचे प्रमाण सुमारे ९७ : ३ आणि दुसऱ्यात नेमके उलट, सुमारे १ : ९९. एका वंशाचा नर दुसऱ्या वंशाच्या मादीकडे सहसा वळत नाही. थोड्या घटकांपासून भिन्न संकेत घडतात, हे पाहून भाषाशास्त्रज्ञाला वर्णांपासून शब्द घडतात त्याची आठवण झाली तर नवल नाही.

परंतु सादृश्य येथेच संपते. वर्णांपासून शब्द घडतात ते एकाच भाषेत, एकाच वक्त्याच्या मुखात, आणि असंख्य. खोडकिडीच्या एका मादीजवळ एकच मिश्रण असते. ती प्रमाण बदलून दुसरे काही 'म्हणू' शकत नाही. जे दूर आहे, होऊन गेले आहे किंवा नाही, त्याविषयी गंध काही कळवीत नाही. हॉकेट यांची जी दोन लक्षणे मधमाशीने कमावली, तीही पतंगाजवळ नाहीत. येथे 'भाषा' ह्या शब्दाने कोणता नवा प्रश्न विचारला गेला, असे पाहू जाता काही हाती लागत नाही. 'संकेत' हा शब्द पुरेसा आहे.

६

हा वाद केवळ शब्दांचा आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी किडींच्या बंदोबस्ताकडे पाहावे. १९६७ साली कॅलिफोर्नियातील गॅस्टन, शोरी आणि सारिओ ह्यांनी कोबीवरील एका पतंगाच्या बाबतीत असे दाखविले की हवेत मादीचा कृत्रिम गंध भरून टाकला तर नराला मादी सापडत नाही. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या गंधाची ओळख १९७३ साली पटली. तो दोन द्रव्यांच्या समसमान मिश्रणाचा आहे. १९७८ साली अमेरिकेत मीलनात अडथळा आणण्यासाठी त्याची अधिकृत नोंदणी झाली. २०१८ साली अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून ही कीड नाहीशी झाल्याचे तेथील शासनाने घोषित केले. तथापि ते एकट्या गंधाचे यश नव्हते. बीटी कपाशी, वंध्य केलेल्या पतंगांचे मोकळ्यावर सोडणे आणि हंगाम संपताच पीक काढून टाकण्याची शिस्त ह्यांचा त्यात वाटा होता.

ह्या उपायाला आरंभी 'नरांचा गोंधळ' असे नाव रूढ झाले. हे नाव भाषेच्या उपमेतूनच आलेले आहे : अनेक हाका एकदम ऐकू आल्या आणि कोणती खरी हे कळेनासे झाले, अशी त्यामागची कल्पना. परंतु शेतात घडते ते निश्चित काय? नर खोट्या उगमांच्या मागे धावून वेळ दवडतो काय? की सर्वत्र पसरलेल्या गंधात खऱ्या मादीचा गंध बुडून जातो? की सततच्या माऱ्याने नराची घ्राणशक्तीच बोथट होते? ह्या तीन निरनिराळ्या यंत्रणा आहेत, आणि त्यांचे व्यावहारिक परिणामही निरनिराळे आहेत. पहिली खरी असेल तर पतंगांची संख्या वाढताच उपाय निष्प्रभ होतो, कारण खऱ्या माद्याही तितक्याच वाढलेल्या असतात. अशा वेळी शेतात गंधाचे उगम पुष्कळ असावे लागतात आणि उपाय कीड कमी असतानाच सुरू करावा लागतो. दुसरी खरी असेल तर पतंगांच्या संख्येने तितका फरक पडत नाही. 'गोंधळ' ह्या एका शब्दाने हे तिन्ही प्रश्न झाकून टाकले होते. पुढे शास्त्रीय लेखनात 'मीलनातील अडथळा' ही निरलंकार संज्ञा स्थिरावली. ती परिणाम सांगते, यंत्रणेविषयी मौन पाळते, आणि म्हणूनच यंत्रणेचा शोध घेण्यास वाव ठेवते.

मराठीतील संज्ञांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. कृषिविस्ताराच्या मराठीत 'कामगंध सापळा' हा शब्द चांगला रुजलेला आहे. त्यातील 'कामगंध' ही घडण नेटकी आणि अर्थवाही आहे. कपाशीच्या शेतात उपयोगी पडणारा गंध कामप्रेरकच असतो, म्हणून तेथे ती यथार्थ होय. मात्र 'फेरोमोन' ह्या व्यापक संज्ञेचा पर्याय म्हणून ती योजू नये. मुंगीचा मार्गदर्शक गंध आणि डंख मारल्यावर मधमाशी सोडते तो भयसूचक गंध ह्यांचा कामाशी संबंध नाही.

अडचण आहे ती 'सापळा' ह्या दुसऱ्या पदाची. मराठीत सापळा उंदरासाठी लावतात, आणि उंदीर सापडला म्हणजे काम झाले. हेक्टरी पाचाच्या आसपास लावलेला कामगंध सापळा मात्र कीड मारण्यासाठी नसतो. त्यात फक्त नर पतंग अडकतात. बाहेर उरलेला एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकतो, आणि अंडी घालणारी मादी तर सापळ्याकडे फिरकतच नाही. हा सापळा मोजण्यासाठी असतो. त्यात लागोपाठ तीन रात्री दर रात्री आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचली असे समजावयाचे आणि मग उपाय योजावयाचा. सापळा भरला म्हणजे कीड आटोपली, असा शब्दाच्या रूढ अर्थाने होणारा समज वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे : सापळा भरला म्हणजे कीड आली.

हा फरक किरकोळ नाही. २०१७ सालच्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीची मोठी हानी केली. अळी बोंडाच्या आत शिरल्यावर फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून फुलांत डोमकळ्या दिसू लागण्याच्या सुमारास, पतंग मोजूनच, निर्णय घ्यावा लागतो. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि एखाद्या शब्दावर तिचा भार टाकणे अन्यायाचे होईल. परंतु फवारणी केव्हा करावी आणि केव्हा करू नये ह्या निर्णयाची किंमत किती असू शकते, हे तीवरून कळते. असा निर्णय ज्या साधनाच्या आधारे घ्यावयाचा, त्या साधनाच्या नावाने त्याचे काम सांगितले पाहिजे. शेतकऱ्याच्या बोलीत राखण आहे, जागल आहे, टेहळणी आहे. मोजण्यासाठी लावलेल्या सापळ्याला 'टेहळणी सापळा' म्हटले आणि मोठ्या संख्येने पतंग पकडण्यासाठी दाटीने लावलेल्यांना वेगळे नाव दिले, तर एका पदाच्या भरीने अर्धा गैरसमज दूर होईल.

७

तिन्ही ठिकाणची तपासणी येथे एकत्र करता येते. मधमाशीच्या नृत्याच्या बाबतीत 'भाषा' ही उपमा खऱ्या अर्थाने कसाला लागली. तिने चुकीची उत्तरे सुचविली हे खरे. परंतु दिशा, अंतर, प्रतिसाद आणि शिक्षण ह्यांविषयीचे जे प्रश्न तिने विचारावयास लावले, त्यांना प्रयोगाने उत्तर देता आले, आणि कित्येकदा ते उत्तर उपमेच्या विरुद्धही गेले. येथे तो शब्द राहू द्यावा. मात्र फ्रिश यांनी १९२३ साली घातलेली अवतरणचिन्हे त्याला पुन्हा घालावीत. ती शंकेची खूण नसून काम अपुरे असल्याची खूण आहे. पतंगाच्या गंधाच्या बाबतीत तो शब्द निष्फळ आहे, आणि तेथे 'संकेत' ह्या शब्दावर समाधान मानावे. शेतातील उपायांच्या बाबतीत तर तो आणि त्याच्या गोतावळ्यातील शब्द अपाय करू शकतात. तेथे संज्ञेने अलंकार उतरवून परिणाम तेवढा सांगावा.

भाषाशास्त्राच्या अध्यापकांवरही ह्यातून एक जबाबदारी येते. मानवी भाषेचे वेगळेपण शिकविताना मधमाशीचा दाखला दरवर्षी दिला जातो, आणि पुष्कळ ठिकाणी तो १९५२ आणि १९६० ह्या सालांच्या पुढे सरकत नाही. मधमाशी नाचावयास शिकत नाही आणि तिला प्रतिसाद मिळत नाही, ही विधाने आता मर्यादा घालूनच करता येतील. शेजारच्या शास्त्राला आपली संज्ञा उसनी देणाऱ्याने, तिचे तेथे पुढे काय झाले ह्याची विचारपूस करीत राहणे, हे त्याचे कर्तव्यच आहे.